बॅगेत काय हाय?

आधीच सांगून टाकतो, आमच्या घरात अंधश्रद्धाळू कुणीच नाही. आई म्हणते मी काय मानत नाही पण करायला काय जातंय. बायको म्हणते मी पण मानत नाही पण पोरीची हौस आहे. पोरगी म्हणते बाबा, नुसती गंमत हो. आणि हे सगळं प्रत्यक्षात करतो कोण, तर मी.

बरं, नवीन वर्ष एकदा येऊन गेलं तर माणूस सोसेल, पण इथं तीन तीन येतात. एक जानेवारी, मग चैत्रातला पाडवा, मग वहीपूजनाचा दिवाळी पाडवा. तिन्हीला आईचा नियम एकच, पहिल्या दिवशी जे घडतं ते वर्षभर घडतं. म्हणून त्या दिवशी रडायचं नाही, भांडायचं नाही, दुपारी लवंडायचं नाही, कुणाला उसने पैसे द्यायचे नाहीत (हा एक नियम मात्र मला मनापासून पटतो). एका पाडव्याला गुढी उतरवताना मी स्टुलावरनं घसरून आपटलो तर आई धावत आली ती आधी तांब्या बघायला, आणि मग माझ्याकडं बघून म्हणाली, "झालं, आता वर्षभर पडतंय हे."

हे एवढं पुरेसं होतं की नाही? पण पोरीच्या हातात मोबाईल आहे, आणि मोबाईलमध्ये जगभरातल्या लोकांची नवीन वर्षं आहेत. 2024 च्या 31 डिसेंबरला तिनं जाहीर केलं की यंदा आपण सगळं साग्रसंगीत करायचं. स्पेनमध्ये म्हणे रात्री बाराच्या ठोक्यांना 12 द्राक्षं खातात, एका ठोक्याला एक. 1909 च्या सुमारास तिकडं द्राक्षाचं पीक बक्कळ आलं तेव्हा बागायतदारांनीच ही प्रथा उचलून धरली असं सांगतात. आमच्या तासगावकरांना हे कुणीतरी सांगायला पाहिजे, बेदाणा करत बसायची गरजच पडणार नाही. पण तासगावचं असो की कुठलंही, डिसेंबरातलं द्राक्ष म्हणजे काय ते खाणाऱ्यालाच ठाऊक. मी कपिलतीर्थ मार्केटातनं अर्धा किलो आणली, ती इतकी आंबट की तिसऱ्या ठोक्याला माझा एक डोळा आपोआप मिटला आणि सातव्याला दुसरा. त्यात ठोके कुठले, पोरगीच ताटलीवर चमचा वाजवत होती, आणि तिनं ठोके असे काय घाईनं घातले की बारा झाले तेव्हा माझ्या तोंडात चार शिल्लक.

"आता बॅग," पोरगी म्हणाली.

बॅगेची प्रथा कोलंबियातली. मध्यरात्री मोकळी सुटकेस घेऊन घराभोवती किंवा गल्लीतनं एक फेरी मारायची, की वर्षभर प्रवास घडतो. बायकोला गेली कित्येक वर्षं फॉरेनला जायचंय, त्यामुळं जी बाई मला साधं दूध आणायला पाठवताना दहा सूचना देते तिनं एका शब्दानं हरकत घेतली नाही. माळ्यावरनं चाकाची लाल बॅग काढून, पुसून, दारात तयार.

मी कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतनं निघालो. गल्लीतल्या गल्लीत फिरलो असतो पण कोपऱ्यावर पोरांचा साउंड लागलेला, ओळखीचं कुणी भेटलं की विचारणार, काय अण्णा, वहिनींनी बाहेर काढलं काय. म्हणून मिरजकर तिकटीकडं वळलो. जाताना बॅग जरा जड वाटली खरी, पण मला वाटलं वय झालं.

31 तारखेला रात्री शहरात नाकाबंदी असते हे मला माहीत असायला पाहिजे होतं. तोंडात चार द्राक्षं, डोळ्यात पाणी आणि मागं खडखडत येणारी लाल बॅग असा माणूस पोलिसाला दिसल्यावर दुसरं काय होणार.

"काय पावणं, कुणीकडं?"

"इथंच," मी द्राक्षं गिळत म्हटलं.

"इथंच? मग बॅगेत काय हाय?"

"काय नाही. मोकळी आहे."

"मोकळी बॅग घेऊन रात्री साडेबाराला फिरायलायसा?"

आता ह्या माणसाला कोलंबिया कुठनं सांगायचं? मी सांगितलं तरी पण. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि आधी माझ्या तोंडाचा वास घेतला. मग बॅग उचलून बघितली, आणि माझ्याकडं असं बघितलं की मला माझाच संशय आला. "उघडा."

उघडली. आत एक किलो गुळाचा रवा, नारळ, मूठभर तांदूळ, सुपारी, हळदीकुंकवाच्या पुड्या आणि एक लिंबू.

आईचं काम. रिकामं भांडं घेऊन वर्षाची सुरुवात करायची नसते, म्हणून तिनं मी चप्पल घालेपर्यंत बॅग भरली होती.

मध्यरात्र, तीन रस्त्यांची तिकटी, लिंबू, नारळ, कुंकू. उतारा कुठं टाकतात हे कोल्हापुरात लहान पोराला पण माहिताय. तोवर चार बघे जमलेले, त्यातला एक मोबाईल काढायला लागला. "करणीबिरणी करायला आलायसा काय? कायदा हाय की आता, 2013 पासनं," पोलीस म्हणाले. मी म्हटलं साहेब, आईनं प्रवासाला म्हणून ओटी भरलीय. "कुणाची?" बॅगेची, मी म्हटलं, आणि म्हणता म्हणता मलाच कळलं की कोलंबिया सांगितलं तेच बरं होतं. शेवटी घरी फोन लावला. आईनं फोनवर पोलिसालाच झापलं की बाळा, थंडीत उभा आहेस, त्यातला गूळ खा थोडा. त्यांनी खाल्ला पण. मला सोडलं.

वर्षभर प्रवास मात्र झाला, नाही म्हणायची सोय नाही. साडूच्या डोळ्याच्या ऑपरेशनला सांगली दोनदा, नरसोबाची वाडी, कऱ्हाडला वास्तुशांत, आईला घेऊन पंढरपूर. शेवटी निपाणीला लग्न निघालं. जेमतेम 40 किलोमीटर, पण कोगनोळीचा टोल नाका ओलांडल्यावर कन्नड पाट्या दिसायला लागल्या तशी पोरगी म्हणाली, "आई, फॉरेन!" बायको त्यानंतर निपाणी येईपर्यंत बोलली नाही.

परवा पाडव्याला कडुलिंब, गूळ, ओवा, हिंग, डाळ असलं सगळं एकत्र कालवून आईनं सकाळी सकाळी तोंडात घातलं आणि पंचांग उघडून सांगितलं की शके 1948 चं नाव पराभव नाम संवत्सर. मी म्हटलं नावातच सगळं आलं, आता गुढी पडली काय नि मी पडलो काय. गुढीची साडी काढायला त्याच लाल बॅगेची चेन उघडली तर आत मुंग्यांची ही रांग. निपाणीपर्यंत सगळीकडं त्या पण आल्या असणार बरोबर. मी झटकायला गेलो तर आईनं हात धरला, चष्मा लावला आणि बॅगेत डोकं घालून कितीतरी वेळ बघत बसली.

"काळ्या हाईत," ती म्हणाली. "राहू देत."