'समूहवाचक नाम नेहमी एकवचनी' हा फॉरवर्ड पाठ करू नका

'इंग्रजीचे चार सोनेरी नियम' नावाचा मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. तो भाचीच्या वहीत लाल शाईने उतरलेला दिसला, म्हणून हा खटाटोप. नियम असे: समूहवाचक नामाला ('टीम', 'बंच' असे गटाचे शब्द) क्रियापद नेहमी एकवचनी, 'ऑफ'नंतर काय आहे ते बघायचंच नाही, 'पोलीस'ही एकवचनी, आणि कावळ्यांच्या थव्याला 'मर्डर'च म्हणायचं, 'फ्लॉक' म्हटलं की चूक.

सगळ्यात घातक दुसरा. त्या हिशेबाने 'अ नंबर ऑफ स्टुडंट्स वॉज अ‍ॅबसेंट' बरोबर ठरतं. साफ चूक. 'अ नंबर ऑफ' म्हणजे 'कित्येक'. गैरहजर विद्यार्थी आहेत, म्हणून 'वेअर'. 'द नंबर ऑफ' म्हणजे 'संख्या'. ती एकच, म्हणून 'द नंबर ऑफ स्टुडंट्स इज फॉर्टी'. अडलं की दोन्ही मराठी शब्द घालून बघा, कुठला बसतो ते लगेच कळतं. 'अ लॉट ऑफ' तर सरळ पुढच्या नामाच्या तालावर चालतं: 'अ लॉट ऑफ मिल्क इज', 'अ लॉट ऑफ बॉटल्स आर'. आपण फसतो ते मराठीमुळे. 'मुलांचा घोळका आला', 'प्रवाशांची झुंबड उडाली' यात क्रियापद घोळक्याचं आणि झुंबडीचं. मुलं-प्रवासी त्यात येतच नाहीत.

पहिल्या नियमात थोडं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य. 'अ बंच ऑफ कीज इज' एकवचनीच, आणि अमेरिकेत सहसा 'द टीम इज' लिहितात. ब्रिटिश वळणात मात्र माणसांच्या गटाला दोन्ही चालतं. क्रिकेटचा मथळा बघा: 'इंडिया बीट ऑस्ट्रेलिया'. 'बीट्स' नाही. खटकतं ते 'द टीम हॅज लॉस्ट देअर मॅच' असं अर्धं इकडे, अर्धं तिकडे. औपचारिक लिखाणात 'हॅज'सोबत 'इट्स', 'हॅव'सोबत 'देअर'. जमत नसेल तर 'द मेंबर्स ऑफ द टीम हॅव' लिहून मोकळं व्हा.

'पोलीस'? 'द पोलीस आर'. एकटा असेल तर 'पोलीस ऑफिसर'. संपलं.

उरला 'मर्डर'. तो शब्द पंधराव्या शतकातल्या समूहनामांच्या यादींमधला. अशीच एक यादी १४८६ च्या 'बुक ऑफ सेंट ऑल्बन्स' या ससाणे, शिकार आणि कुलचिन्हांवरच्या पुस्तकात आहे. त्या यादीत नन्सच्या समूहाला 'सुपरफ्लुइटी' म्हटलंय, म्हणजे नको तितकी भरताड. निम्मी यादी अशीच थट्टेची. 'मर्डर' सक्तीचा करणाऱ्याने एकदा कॉन्व्हेंटच्या प्रिन्सिपल सिस्टरना पत्र लिहून दुसरा शब्दही वापरून बघावा.