गच्चीवरची पवनचक्की: ‘700 युनिट, परवानगी नको’ या दाव्याची तपासणी

‘गच्चीवर एक किलोवॉटची छोटी पवनचक्की लावा. रात्रंदिवस फिरते, महिन्याला 700 युनिट देते, परवानगी लागत नाही, अनुदानही मिळतं. परदेशात तर याला नियमच नाहीत.’ असा मजकूर सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतो आहे. त्याच्या भरवशावर कोणी पैसे भरण्याआधी एकेक विधान तपासायला हवं.

‘महिन्याला 700 युनिट’

एक किलोवॉट गुणिले महिन्याचे 720 तास, एवढाच हा हिशेब आहे. पण चक्कीवर लिहिलेला एक किलोवॉट मिळतो तो सेकंदाला 11-12 मीटर, म्हणजे ताशी 40 किलोमीटरच्या वाऱ्याला. वाऱ्यातली ताकद वेगाच्या घनाप्रमाणे बदलते. वेग 12 मीटरवरून 4 मीटरवर आला की वीज सत्तावीस पटीने घटते. उरतात जेमतेम 37 वॉट. झोतांचा फायदा धरला तरी सरासरी 4 मीटरच्या वाऱ्यात महिन्याला 40-50 युनिट पदरात पडतात. एक किलोवॉट सोलर आपल्याकडे 120च्या आसपास देतं.

साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारावर वारा आहे, म्हणून तो कोथरूडच्या गच्चीवरही असेल असं नाही. शेजारच्या इमारती, पाण्याच्या टाक्या, नारळाची झाडं वारा फोडतात. 500 फुटांच्या परिघातल्या सर्वांत उंच अडथळ्यापेक्षा पात्याचं खालचं टोक 30 फूट वर हवं, असा या धंद्यातला साधा नियम आहे. गच्चीवर तो बहुधा पाळताच येत नाही. फुटलेल्या वाऱ्यात चक्की सारखी तोंड फिरवत राहते, बेअरिंग लवकर जातं आणि खांबातून उतरलेली थरथर खालच्या खोलीत रात्रभर घुमते.

‘परवानगी लागत नाही’

सर्वांत जास्त नुकसान करणारं विधान हेच. फ्लॅटच्या सोसायटीत गच्ची सामायिक असते, त्यामुळे सर्वसाधारण सभेचा ठराव आधी लागतो. मग येतो बांधकामाचा प्रश्न. आयएस 875 या इमारतींवरच्या भारांच्या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 39 मीटर, मुंबईसाठी 44 मीटर धरला आहे. दोन मीटर व्यासाच्या चक्कीच्या पूर्ण चकतीवर 39 मीटरचा वारा आदळला असं धरलं, तर सुमारे 290 किलोचा रेटा बसतो. सहा मीटरच्या खांबाच्या टोकाला हा रेटा म्हणजे बुडाशी खांब वाकवणारा 1,700 किलोग्रॅम-मीटरहून जास्त जोर. चार इंची विटांच्या कठड्याला क्लँप मारून हे पेलत नाही. स्लॅबला भोकं पाडली तर वॉटरप्रूफिंग फुटतं आणि पहिल्याच पावसाळ्यात छत गळतं. खांब कॉलमच्या वरच यावा. स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला आणि नकाशा घेऊन पालिकेच्या बांधकाम परवानगी विभागाकडे जावं आणि उत्तर लेखीच घ्यावं.

विमानतळ जवळ असेल तर 2015चे उंचीमर्यादेचे केंद्रीय नियम लागू होतात. पुण्याचं लोहगाव हवाई दलाचं असल्याने तिथल्या ना-हरकतीचा संबंध हवाई दलाशी येतो. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा 55, रात्री 45 डेसिबल आहे. शेजारी तक्रार करेल ती याच आकड्यावर. 11 केव्हीच्या (11 हजार व्होल्टच्या) तारेपासून आडवं अंतर किमान 1.2 मीटर आणि उभं 3.7 मीटर ठेवावं लागतं. ही किमान मर्यादा झाली. खांब कोसळला तरी तारेपर्यंत पोचू नये, एवढं अंतर ठेवणं शहाणपणाचं.

ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या जाळ्याला, जोडायचं तर कंपनीकडे नेट मीटरिंगचा (घेतलेल्या विजेतून दिलेली वीज वजा करून बिल येण्याचा) अर्ज करावा लागतो आणि पवनचक्कीसाठीच बनवलेला इन्व्हर्टर लागतो. सोलरचा चालत नाही. मे महिन्यात वळवाच्या वादळात फीडर, म्हणजे आपल्या भागाला वीज देणारी लाइन, ट्रिप होतो, नियमाप्रमाणे इन्व्हर्टर ग्रिडपासून सुटतो, आणि नेमक्या त्याच वाऱ्यात चक्कीवरचा भार निघून जातो. भार गेला की पाती बेफाम सुटतात. म्हणून वीज जिरवणारा रेझिस्टर, म्हणजे डंप लोड, आणि तिन्ही फेज शॉर्ट करून चक्की आवरणारा ब्रेक स्विच लागतो. स्वस्त किटमध्ये आधी हेच गाळलेलं असतं.

‘परदेशात नियमच नाहीत’

इंग्लंडचंच बघा. तिथे 2015च्या आदेशानुसार स्वतंत्र परवानगीशिवाय घरावर चक्की बसवता येते, पण अटी पाळूनच. घर सुटं हवं आणि चक्की एकच. पात्यांचं क्षेत्र 3.8 चौरस मीटरपर्यंत, म्हणजे व्यास साधारण 2.2 मीटर. पात्याचं खालचं टोक जमिनीपासून 5 मीटर वर आणि चक्की हद्दीपासून 5 मीटर आत. जमिनीवरचा मनोरा 11.1 मीटरपर्यंत चालतो, पण हद्दीपासूनचं अंतर उंचीपेक्षा दहा टक्के जास्त ठेवावं लागतं, म्हणजे 12.2 मीटर. गरज संपली की शक्य तितक्या लवकर काढायची. यातलं एक जरी बसलं नाही तरी रीतसर अर्ज.

‘अनुदान मिळतं’

पीएम सूर्यघर योजनेचे 78,000 रुपयांपर्यंतचे पैसे सोलरसाठी आहेत. पवनचक्कीच्या बिलावर ते मिळत नाहीत.

उघड्या पठारावर किंवा किनाऱ्यालगत स्वतःची जमीन असेल, तर छोटी चक्की सोलरच्या जोडीला उपयोगी पडू शकते, विशेषतः जून ते ऑगस्ट, जेव्हा ढगांमुळे सोलर मंदावतं. मात्र चक्की घेण्याआधी खांबाच्या नियोजित उंचीवर नोंद ठेवणारा वेगमापक बसवा आणि एक पावसाळा, एक हिवाळा मोजा. डिसेंबरचा आकडा नसेल तर विक्रेत्याच्या वार्षिक सरासरीवर विश्वास ठेवू नका.