पिकअपचा तो फिरणारा मेसेज आणि माझे चोवीस क्रेट

महिनाभर एक मेसेज फिरतोय, आधी द्राक्षवाल्यांच्या ग्रुपवर आला, मग सोसायटीच्या ग्रुपवर, आणि परवा मेव्हण्याने मला पर्सनलवर टाकला, खाली लिहिलं "दाजी, खरंय का हे? बुक करू का?"

मेसेज थोडक्यात असा, की फॉर्च्युनर कशाला घेता, तेच इंजिन तेच चेसिस असलेली फोर बाय फोर (चारही चाकांना जोर मिळणारी) पिकअप कितीतरी स्वस्तात मिळते, शेतकऱ्याच्या नावावर घेतली की टॅक्स माफ आणि जीएसटी परत, रोज एक टन माल मार्केटला न्या, रविवारी तीच गाडी फॅमिलीला, मधल्या दिवशी भाड्याने लावा कारण पांढऱ्या म्हणजे प्रायव्हेट नंबर प्लेटला कोणी अडवत नाही, आणि वरून दोन लाखाचं सामान टाका, बुलबार (पुढचा लोखंडी पाइप), मोठे टायर, स्नॉर्कल (इंजिनाला वरून हवा देणारी नळी), मग गाडी चिखलात काय पुरात काय कुठेच अडकत नाही. शेवटी अर्थातच "प्रत्येक शेतकरी बांधवापर्यंत पोहोचवा".

तर मी पोहोचवत नाही, उत्तर देतो. माझ्याकडे तीन वर्षांपासून सेकंडहँड इसुझू व्ही-क्रॉस पिकअप आहे, राहतो नाशिकला गंगापूर रोडला, मळा ओझरच्या पुढे, म्हणजे ज्याच्यासाठी हा मेसेज लिहिलाय तो गिऱ्हाईक मीच. आणि गाडी मला आवडते, विकणार नाही, हे आधीच सांगतो, नाहीतर म्हणाल जळतोय.

पहिलं, "तेच इंजिन तेच चेसिस". हे अर्धं खरंय. टोयोटाची हायलक्स २०२२ ला आपल्याकडे आली, तिच्यात फॉर्च्युनरचंच २.८ लिटर डिझेल आहे, २०४ पीएस, टॉर्क मॅन्युअलला ४२० आणि ऑटोमॅटिकला ५०० न्यूटन मीटर, आणि खालचा सांगाडाही त्याच घराण्यातला. इसुझूच्या नव्या व्ही-क्रॉसला १.९ लिटर, १६३ पीएस. इंजिनाबद्दल तक्रारच नाही. पण मेसेज लिहिणाऱ्याने गाडीच्या मागच्या बाजूला वाकून बघितलेलं दिसत नाही. फॉर्च्युनरला मागे कॉइल स्प्रिंग आहेत, पिकअपला पाटे. पाटे मालासाठी असतात, वजन पडलं की बसतात, आणि गाडी रिकामी असली की प्रत्येक खड्ड्याला मागचा भाग उडतो. आईला त्र्यंबकला घेऊन गेलो होतो, मागच्या सीटवर, त्या सीटची पाठ पण सरळसोट असते, जाताना गप्प बसली होती आणि दर्शन झाल्यावर म्हणाली मी येताना लालपरीने येते. आणि खरंच स्टँडकडे चालायला लागली, हो, मी हात धरून परत आणली.

शिवाय लांबी. या गाड्या सव्वापाच मीटरच्या वर आहेत. आमच्या सोसायटीतलं माझं पार्किंग टेपने मोजलं तर पाच मीटर भरलं, म्हणजे नाक नाहीतर शेपूट कायम बाहेर, आणि त्यावरून खालच्या काकांशी जे झालं ते इथे लिहीत नाही. रविवार कारंजा, भद्रकालीकडे तर मी ही गाडी नेतच नाही, स्कूटर काढतो.

आता दुसरं, एक टन माल. इथे मला जास्त बोलायचंय कारण इथे मी स्वतः तोंडावर पडलोय.

डबल कॅबिन पिकअपचा मागचा हौदा साधारण पाच फूट बाय पाच फूट, खोली दीड फूट. पण त्या पाच फूट रुंदीत दोन्ही बाजूंनी चाकाचे फुगवटे आत आलेले असतात. टमाट्याचे आपले प्लास्टिक क्रेट, वीस किलोवाले, एका थरात जेमतेम आठ बसले. दुसरा थर हौद्याच्या वर डोकावतो, तिसरा पूर्ण वर, दोरीच्या भरवशावर. चोवीस क्रेट लावले, ४८० किलो, आणि पिंपळगावला निघालो. गाडीचं तोंड वर, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात, समोरचे सगळे डिप्पर मारत होते, मला वाटलं गाडीचं कौतुक चाललंय. मार्केटला पोहोचलो तर शेजारी गावातलाच बोलेरो पिकअपवाला ऐंशी क्रेट घेऊन उभा, माझ्याकडे बघून म्हणाला "दादा, ही लग्नात मिरवायला ठेवा, मालाला मला फोन करत जा." तेव्हापासून त्यालाच करतो.

आता हिशोब बघा. आरसीवर दोन वजनं असतात, एक रिकाम्या गाडीचं, एक भरलेल्या गाडीचं जास्तीत जास्त. दोघांतली वजाबाकी म्हणजे तुमची सगळी कपॅसिटी, फक्त मालाची नाही. त्यात माणसं आली, पाच जण धरले सत्तर किलोचे तर ३५० किलो तिथेच गेले. मेसेजवाल्याने सांगितलेला लोखंडी बुलबार आणि त्याच्यासोबत विंच (अडकलेली गाडी ओढायचं यंत्र) मिळून ऐंशी किलो धरा, हौद्यावर फायबरचा हार्डटॉप म्हणजे कडक टप टाकला तर अजून साठ-सत्तर. पाचशे किलो झाले आणि अजून एक टमाटा गाडीत पडला नाही. महिंद्राच्या बोलेरो पिकअपच्या नावातच १.३ टन, १.७ टन लिहिलेलं असतं, ती त्याच कामासाठी बनलीय आणि किंमत निम्म्याहूनही कमी. ओव्हरलोडचा दंड २०१९ पासून २०,००० आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० आहे, माल बॉडीच्या बाहेर ठरलेल्या मर्यादेपलीकडे आला तरी २०,०००. कांद्याचं तर बोलूच नका, लासलगावला मोकळा कांदा घेऊन लिलावात या पाच फुटी हौद्यासकट उभं राहायचं म्हणजे व्यापारी आधी गाडीचाच भाव विचारतील.

तिसरं, टॅक्स माफ आणि जीएसटी परत. कोणी सांगितलं? २२ सप्टेंबर २०२५ पासून माल वाहणाऱ्या गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला हे खरं, पण तो सगळ्यांना झाला, शेतकऱ्याला वेगळा काही नाही. सवलत ट्रॅक्टरला आहे, तिथे ५ टक्के. आणि "परत" मिळतो तो कोणाला, तर ज्याचा जीएसटी नंबर आहे आणि जो स्वतःच्या विक्रीवर जीएसटी भरतो त्याला, त्याच्या भरण्यातून वळता होतो. आपण बागेतली द्राक्षं विकतो, त्याला जीएसटी नंबर लागतच नाही, मग वळता कशातून करणार? तसंच घसाऱ्याचं, म्हणजे गाडीची दरवर्षी घटणारी किंमत खर्चात धरायचं, सीए लोक धंदेवाल्यांना सांगतात गाडी घ्या घसारा दाखवा, अहो शेतीच्या उत्पन्नाला इन्कम टॅक्सच नाही तर घसारा कशातून वजा करायचा? आणि आरटीओचा टॅक्स, प्रायव्हेट पासिंग केली की महाराष्ट्रात कारचाच लागतो, वीस लाखाच्या वरच्या डिझेल गाडीला १५ टक्के, तीस लाखाच्या गाडीवर साडेचार लाख झाले. सातबारा दाखवून तो कमी होत नाही. कोणाचा झाला असेल तर मला पावती दाखवा, मी पण रांगेत उभा राहतो.

चौथं, पांढऱ्या पाटीवर भाडं मारा. हे मात्र चिडून लिहितोय. पोलिसाने अडवलं नाही अडवलं हा नंतरचा विषय, आधी घरातली इन्शुरन्सची पॉलिसी काढा आणि "वापराच्या मर्यादा" असं जिथे लिहिलंय ते वाचा. प्रायव्हेट कारच्या पॉलिसीत स्पष्ट असतं की भाड्याने वापर चालणार नाही, आणि माल वाहतूक पण चालणार नाही, फक्त सॅम्पल आणि स्वतःचं सामान सोडून. म्हणजे भाडं तर सोडाच, माझे ते चोवीस क्रेट सुद्धा, जर वाटेत काही झालं असतं तर कंपनीने क्लेम देताना पहिला प्रश्न तोच विचारला असता. मला हे ठाऊक नव्हतं, त्या दिवशी रात्री पॉलिसी वाचली आणि झोप उडाली. भाडंच मारायचं असेल तर पिवळ्या पाटीची घ्या, पॉलिसी मालवाहू गाडीची घ्या, आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी पासिंगला उभे राहा, टोललाही फास्टॅगचा वर्ग वेगळा लागतो, प्रायव्हेट गाड्यांचा तो फास्टॅगचा वार्षिक पास पण मिळणार नाही. चालतंय का? मग खुशाल घ्या. आणि हौद्यात दहा माणसं बसवून गडावर सप्तशृंगीला जाणारे जे आहेत त्यांना तर हात जोडतो, आरसीवर जेवढ्या सीट तेवढीच माणसं, बाकीचा देवीवर भार टाकू नका.

पाचवं म्हणजे दोन लाखाचं सामान. मेसेजमध्ये लिहिलंय "पिकअपला मॉडिफिकेशन अलाऊड असतं". नसतं. कायदा पिकअपला वेगळा नाहीये, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सगळ्यांना एकच, कंपनीने जशी पास करून घेतली तशी गाडी राहिली पाहिजे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने पण हेच सांगितलं. परवानगीशिवाय बदल केला तर प्रत्येक बदलाला ५,००० दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. बुलबारबद्दल तर केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच सगळ्या राज्यांना पत्र पाठवलं होतं की कारवाई करा. का, तर गाडीचं नाक धडकेत चेपायलाच बनवलेलं असतं, धक्का तिथे जिरतो आणि सेन्सर त्यावरून ठरवतात एअरबॅग कधी फोडायची. पुढे लोखंडी पाइप ठोकला की धक्का सरळ चेसिसला, एअरबॅगचं टायमिंग बिघडतं, आणि पायी चालणाऱ्याचं काय होतं ते मी लिहीत नाही. माझ्या गाडीला आधीच्या मालकाने लावलेला होता, मी काढायला गेलो तर अॅक्सेसरीवाला (नाव नको, शहरातलाच आहे) मलाच समजवायला लागला की "साहेब लुक जातो". लुक गेला, पस्तीस-चाळीस किलो पण गेले, आणि स्टिअरिंग हलकं झालं.

मोठ्या टायरचं पण ऐका. २५५/६० आर १८ चा टायर उंचीला साधारण ७६३ मिलीमीटर होतो, त्याजागी २६५/६५ आर १८ टाकला तर ८०२. पाच टक्के मोठा. म्हणजे आधी मीटर शंभर दाखवताना जो खरा वेग असायचा, तो आता पाच टक्क्यांनी वाढला, किलोमीटर कमी मोजले जातात म्हणून अॅव्हरेज पडलेलं दिसतं, आणि चाक जड झाल्याने ते थोडं खरंच पडतं. वर वळताना टायर आतल्या प्लास्टिकला घासतो, मग गाडी उंच करायचं लिफ्ट किट आलं, मग त्याच्यामागे अलाइनमेंट, बुश, जॉइंट. दोन लाखात कोणाचं भागलेलं मी बघितलं नाही.

मग काहीच लावू नये का? लावा ना. हौद्याला लायनर (आतलं अस्तर) पहिल्या दिवशी, पण तो नुसता आत ठेवायचा प्लास्टिकचा ट्रे नको, त्याच्याखाली पाणी आणि माती अडकून पत्रा गंजतो, स्प्रेवाला मारून घ्या. वर गुंडाळायचं किंवा घडीचं झाकण, कारण इगतपुरीच्या पावसात उघड्या हौद्यातली बॅग म्हणजे बादलीच. सामान बांधायची जाळी, चांगले पट्टे, हवा भरायचा छोटा पंप, ओढायचा पट्टा, मडफ्लॅप. एवढंच, आणि किमती वस्तू बिलासकट इन्शुरन्सला कळवा, इलेक्ट्रिक सामान असेल तर त्याच्या किमतीच्या चार टक्के जादा प्रीमियम भरून ते पॉलिसीत येतं, नाहीतर चोरीला गेलं की गेलं.

स्नॉर्कल आणि "कुठेच अडकत नाही" दोन्ही एकत्रच उरकतो. स्नॉर्कल इंजिनाला हवा वरून देतो, बस. दरवाजे, वायरिंग, गिअरबॉक्स, डिफरन्शिअल खालीच असतात. हायलक्सला स्टॉकमध्ये कंपनी ७०० मिलीमीटर पाणी सांगते, ते पण थांबलेलं पाणी, वाहतं नाही. गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागलं की नाशिककर पुलावर उभं राहून बघतात, त्यात गाडी घालत नाहीत, तुम्ही पण पुलावरूनच बघा.

आणि फोर बाय फोर म्हणजे अडकत नाही हे निफाडच्या काळ्या रानात येऊन बोला. काळी माती ओली झाली की टायरच्या खाचा भरून जातात, टायर तेलात तळलेल्या वड्यासारखा गुळगुळीत, मग चार काय सहा चाकं फिरवा. माझी जुलैमध्ये अशीच बसली, फोर लो (चारही चाकांचा हळू पण ताकदीचा गिअर) टाकून अजून खाली गेली, शेवटी चुलत्याचा ट्रॅक्टर आला, आणि चुलता अजून प्रत्येक लग्नात ती गोष्ट सांगतो. उलट कोरड्या डांबरावर फोर हाय लावून मिरवणारे पण आहेत, त्याने पुढचा-मागचा एक्सल एकमेकांशी भांडतो आणि खर्च तुमच्यावर येतो.

एक मेसेजमध्ये नव्हतंच पण सांगतो, नव्या बीएस ६ डिझेलला धुराची जाळी असते, डीपीएफ, ती साफ व्हायला गाडी थोडा वेळ सलग जोरात पळावी लागते. गावातल्या गावात सहा-सात किलोमीटरचेच फेरे असतील तर ती जाळी तुंबणार. सिंहस्थाच्या कामांनी शहर सगळं खोदलंय त्यात तर अजूनच. महिन्यातून दोन-तीनदा मुंबई हायवेला तास-दीड तास काढा तिला.

हे सगळं मेव्हण्याला फोनवर सांगितलं, अर्धा तास. तो सगळं ऐकून म्हणाला, "ते ठीक दाजी, पण मेसेजमधल्या फोटोतली लाल गाडी काय भारी दिसते, ती तरी कुठल्या शोरूमला मिळेल?" फोटो मोठा करून बघितला. फोर्ड रेंजर होती. स्टिअरिंग डावीकडे.