परवाना खिशात आहे म्हणून पिस्तूल सहलीला न्यावे का?

आमच्या ओळखीचे एक मराठी कुटुंब येत्या जुलैत मेन राज्यातील अकेडिया राष्ट्रीय उद्यान पाहायला जाणार आहे. त्या घरातील गृहस्थांकडे माझ्यासारखाच पेनसिल्व्हेनिया राज्याचा परवाना आहे, म्हणजे कपड्यांखाली किंवा पर्समध्ये, कोणाला दिसणार नाही अशा रीतीने पिस्तूल बाळगण्याचा. मागच्या आठवड्यात त्यांनी फोन करून विचारले, "ताई, परवाना रीतसर आहे, गाडीनेच जाणार आहोत, मग सोबत न्यायला हरकत काय?" फोनवर पाच मिनिटांत देण्यासारखे हे उत्तर नव्हते, आणि आपल्या मंडळींपैकी आणखी काहींना हाच प्रश्न पडत असणार, म्हणून सविस्तर लिहीत आहे. माझे मत आधीच सांगते. सुट्टीवर निघताना पिस्तूल घरीच कुलपात ठेवावे.

हे मत शस्त्रांना सरसकट विरोध करणाऱ्या व्यक्तीचे नाही. मी पेनसिल्व्हेनियातल्या बक्स काउंटीत औषधांचे छोटे दुकान चालवते. सात वर्षांपूर्वी थंडीच्या दिवसांत, दुकान बंद करण्याच्या वेळी, दोन तरुण आत आले आणि त्यांनी ऑक्सिकोडोनच्या, म्हणजे व्यसन लावणाऱ्या तीव्र वेदनाशामक गोळ्या मागितल्या. एकाचा हात शेवटपर्यंत जॅकेटच्या खिशात होता. त्या खिशात काय होते हे मला आजतागायत कळलेले नाही, पण त्या रात्रीनंतर एकटीने दुकानाचे शटर ओढताना माझे हात थरथरू लागले. पुढे काही महिन्यांनी मी काउंटीच्या शेरीफ कार्यालयात अर्ज केला, 20 डॉलर भरले, माझी पार्श्वभूमी तपासली गेली आणि 5 वर्षांचा परवाना हातात आला. या सगळ्या प्रक्रियेत एक गोळी तरी नीट झाडून दाखव, असे मला कोणीही म्हटले नाही. प्रशिक्षण मी स्वतःहून घेतले आणि आजही महिन्यातून एकदा सरावाला जाते.

आई-बाबा गेल्या वर्षी राधानगरीहून इथे आले, तेव्हा बाबांनी परवान्याचे कार्ड उलटसुलट करून पाहिले आणि पहिलाच प्रश्न विचारला, "हा जिल्ह्यापुरता, राज्यापुरता की देशभर?" आमच्या चुलत्यांकडे पीक संरक्षणाची बारा बोअरची बंदूक होती. निवडणुकीची आचारसंहिता लागली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची आणि निकालानंतर पावती दाखवून परत आणायची, हे बाबांनी आयुष्यभर पाहिलेले आहे. परवाना कोणत्या क्षेत्रात चालतो हे भारतातल्या परवान्यावरच लिहिलेले असते, त्यामुळे त्यांना तो प्रश्न अगदी स्वाभाविक वाटला. इथे मात्र कार्डावर तसे काही लिहिलेले नसते आणि वर्षानुवर्षे परवाना बाळगणारी माणसेदेखील हा प्रश्न स्वतःला विचारत नाहीत. गाडी चालवण्याचा परवाना पन्नासही राज्यांत चालतो, तसाच हाही चालत असेल असे मनोमन गृहीत धरलेले असते.

तो चालत नाही. कोणत्या राज्याने कोणाचा परवाना मानावा हे प्रत्येक राज्य स्वतः ठरवते. न्यू जर्सी, न्यू यॉर्क, मॅसॅच्युसेट्स, मेरीलँड आणि कॅलिफोर्निया ही राज्ये दुसऱ्या कोणत्याही राज्याचा परवाना मानत नाहीत. आता आपली मंडळी सुट्टीत कुठे जातात ते पाहा. भारतातून पाहुणे आले की नायगारा ठरलेला, टाइम्स स्क्वेअर ठरलेला, खरेदीला आणि जेवायला न्यू जर्सीतल्या एडिसनचा ओक ट्री रोड ठरलेला. बृहन्महाराष्ट्र मंडळाचे अधिवेशन 2022 साली अटलांटिक सिटीत भरले आणि 2024 साली सॅन होजेत, म्हणजे एक न्यू जर्सीत आणि एक कॅलिफोर्नियात. पेनसिल्व्हेनियातला, टेक्ससमधला किंवा ओहायोतला मराठी माणूस रीतसर परवाना घेऊन ज्या ठिकाणी आनंदाने जातो, त्यांतल्या कित्येक ठिकाणी त्याच्या परवान्याला किंमत नाही.

माझ्या बाबतीत हे जवळजवळ घडलेच होते. दिवाळीच्या आधीचा शनिवार होता, आम्ही रूट 1 ने ओक ट्री रोडला निघालो होतो आणि मॉरिसव्हिलच्या पुढे डेलावेअर नदीवरचा पूल लागणार होता, ज्याच्या पलीकडे न्यू जर्सी सुरू होते. मागच्या सीटवरून माझी नऊ वर्षांची मुलगी म्हणाली, "आई, तुझ्या पर्समध्ये लिमलेटच्या गोळ्या आहेत ना?" आणि माझी पर्स ओढून घेऊन ती चेन उघडू लागली. आदल्या रात्री दुकानातून घरी आल्यावर मी पिस्तूल सेफमध्ये ठेवलेच नव्हते. ते त्याच पर्सच्या आतल्या कप्प्यात होते, होल्स्टरमध्ये, भरलेले. मी इतक्या जोरात ओरडले की तिने पर्स टाकून दिली आणि ती रडू लागली. नवऱ्याने पुलाच्या अलीकडचा शेवटचा एक्झिट घेतला आणि आम्ही परत फिरलो. त्या एका मिनिटात दोन संकटे माझ्या घरावर आली होती, आणि दोन्ही माझ्याच हाताने. त्यांपैकी पुलापलीकडच्या संकटाची मला त्या वेळी पुरती कल्पनाही नव्हती.

ती नंतर वाचून आली. 2013 च्या ऑक्टोबरमध्ये फिलाडेल्फियाची एक 27 वर्षांची, दोन मुलांची आई न्यू जर्सीतल्या अटलांटिक काउंटीतून गाडीने जात होती. एका वर्षात दोनदा लुबाडली गेल्यामुळे तिने पिस्तूल घेतले होते आणि तिच्याकडे पेनसिल्व्हेनियाचा परवाना होता. वाहतूक पोलिसाने गाडी थांबवल्यावर तिने स्वतःहून, प्रामाणिकपणे, पिस्तूल आणि परवाना दोन्हींविषयी सांगितले. न्यू जर्सीच्या कायद्यात परवान्याशिवाय पिस्तूल बाळगणे हा गंभीर गुन्हा असून त्याला पॅरोलशिवाय किमान साडेतीन वर्षांचा तुरुंगवास आहे. ती महिन्याहून अधिक काळ कोठडीत राहिली. पुढे देशभर चर्चा झाली, त्या राज्याच्या महाधिवक्त्यांनी अशा प्रकरणांत सौम्य भूमिका घेण्याच्या सूचना काढल्या आणि 2015 च्या एप्रिलमध्ये गव्हर्नर ख्रिस ख्रिस्ती यांनी तिला माफी दिली. माफी मिळाली हे चांगलेच झाले, पण माफीसाठी गव्हर्नरपर्यंत पोचणे प्रत्येकाला जमत नाही.

यावर जाणकार मंडळी 1986 च्या केंद्रीय कायद्याचा दाखला देतात, आणि तो दाखला खोटा नाही. ज्या राज्यातून तुम्ही निघता आणि ज्या राज्यात पोचता त्या दोन्ही ठिकाणी पिस्तूल बाळगणे तुमच्यासाठी कायदेशीर असेल, तर मधल्या कडक राज्यांतून ते नेता येते. मात्र ते रिकामे हवे, आणि पिस्तूल व गोळ्या दोन्ही हाताशी लागतील अशा ठिकाणी नकोत. गाडीला स्वतंत्र डिकी नसेल, म्हणजे आपल्या सर्वांकडे असते तशी मिनीव्हॅन किंवा एसयूव्ही असेल, तर ते कुलूपबंद पेटीत हवे, आणि ग्लव्ह कंपार्टमेंट किंवा कन्सोल ही त्यासाठीची पेटी धरली जात नाही. नायगाराला जाताना या कायद्याचा काहीच उपयोग नाही, कारण तिथे न्यू यॉर्क हे मधले राज्य नसून मुक्कामाचे आहे. मेनला जाताना उपयोग आहे, कारण तिथे 2015 पासून बहुतेक ठिकाणी परवान्याशिवायही पिस्तूल बाळगता येते, खुद्द अकेडिया उद्यानात मात्र ते लपवून बाळगायला मेनने मानलेला परवाना लागतो. पण हे संरक्षण प्रवासाला आहे, मुक्कामाला नाही.

युटाह राज्यातल्या एका प्रवाशाला हे 2005 साली कळले. तो विमानाने आमच्या पेनसिल्व्हेनियातल्याच ॲलनटाउनला येत होता आणि पिस्तुलाची पेटी नियमाप्रमाणे सामानात दिलेली होती. न्यू जर्सीतल्या नेवार्कला पुढचे विमान चुकले, सामान त्याच्या हातात आले आणि त्याला रात्र हॉटेलात काढावी लागली. दुसऱ्या दिवशी विमानतळावर त्याने नेहमीप्रमाणे पिस्तुलाची नोंद करायला सांगितली, तेव्हा त्याला अटक झाली. खटला पुढे रद्द झाला, पण त्याने भरपाईसाठी दावा केला तो 2010 साली अपील न्यायालयात हरला. हॉटेलात असताना ती बॅग त्याच्या हाताशी होती, एवढे कारण पुरेसे ठरले. त्याचा दोष काय, तर विमान उशिरा आले. सुट्टीच्या प्रवासात कधी टायर पंक्चर होतो, कधी लेकरू आजारी पडते, कधी बर्फ पडते, आणि मुक्काम कुठे करावा लागेल हे आपल्या हातात राहत नाही.

राष्ट्रीय उद्यानांविषयी थोडक्यात सांगते. 2010 च्या फेब्रुवारीपासून तिथे त्या त्या राज्याचा कायदा लागू होतो, पण उद्यानातील सरकारी इमारतींत, म्हणजे माहिती केंद्रातसुद्धा, पिस्तूल नेता येत नाही. यलोस्टोन तर वायोमिंग, माँटाना आणि आयडाहो अशा तीन राज्यांत पसरलेले आहे. शाळेच्या 1000 फुटांच्या आत बंदूक बाळगायला बंदी घालणाऱ्या केंद्रीय कायद्यातही परवानाधारकाला जी सवलत आहे, ती शाळा ज्या राज्यात आहे त्याच राज्याने परवाना दिला असेल तर आहे. परक्या गावात रस्त्याच्या कडेला शाळा कुठे आहे हे आपल्याला कसे समजणार?

आपल्या लोकांसाठी आणखी एक गोष्ट आहे, आणि इथे जन्मलेल्या अमेरिकन माणसाला तिचा विचारही करावा लागत नाही. ग्रीन कार्डधारक शस्त्र बाळगू शकतो, पण बंदुकीसंबंधीच्या गुन्ह्यात तो दोषी ठरला तर त्याच कारणावरून त्याला देशाबाहेर काढण्याची कारवाई होऊ शकते. वीस वर्षांचे घर, मुलांच्या शाळा, कर्जाचे हप्ते, सगळे एका विसरलेल्या पर्सवर टांगले जाते. एच-1बी या नोकरीच्या व्हिसावर किंवा पर्यटक व्हिसावर असलेल्यांना तर शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले तर पिस्तूल हातात घेण्याचीच मनाई आहे. म्हणून आई-बाबा आले की त्यांना कौतुकाने शूटिंग रेंजवर नेऊन फोटो काढण्याचा जो प्रकार मी पाहते, तो कृपा करून थांबवा.

कायदा बाजूला ठेवला तरी माझे मत बदलणार नाही, कारण माझे खरे कारण कायद्याचे नाही. पिस्तूल जवळ बाळगणे म्हणजे ते या क्षणी कुठे आहे याचे भान सतत ठेवणे, आणि सुट्टी आपण घेतो ती हे भान थोडे सैल सोडण्यासाठीच. समुद्रात पोहायला उतरताना ते कुठे ठेवणार? खोलीत ठेवावे तर सफाईला माणसे येतात, मुले कप्पे उघडतात, आणि हॉटेलच्या सेफची दुसरी चावी व्यवस्थापकाकडे असतेच. गाडीत ठेवावे तर इथे चोरीला जाणाऱ्या बंदुकांचा मोठा हिस्सा गाड्यांमधूनच जातो. 2023 साली देशातील विमानतळांच्या तपासणीत प्रवाशांच्या हातातील सामानात 6,737 बंदुका सापडल्या आणि त्यांतल्या 93 टक्के भरलेल्या होत्या. पकडले गेलेले लोक सहसा विसरलो असेच सांगतात, आणि मला त्यात खोटे वाटत नाही, कारण मीही विसरले होते.

"परक्या ठिकाणीच तर संरक्षणाची जास्त गरज असते," असे ते गृहस्थ मला म्हणाले. भीती खरी आहे, ती मी ओळखते. पण माझी भीती रात्री नऊ वाजता दुकानाच्या मागच्या दारापाशी आहे, दुपारी बाराला नायगाराच्या कठड्यापाशी नाही. एका राज्याचा परवाना सर्वत्र मानावा असे विधेयक 2017 च्या डिसेंबरमध्ये कनिष्ठ सभागृहात मंजूर झाले होते, ते पुढे सिनेटमध्ये अडले. चुकून सीमा ओलांडणाऱ्या प्रामाणिक माणसाला साडेतीन वर्षे तुरुंगात घालणे मला अन्यायाचे वाटते आणि ते बदलावे असे मी मनापासून म्हणते. तरीही एकही गोळी न झाडता मिळालेल्या माझ्या परवान्यावर न्यू जर्सीने डोळे झाकून विश्वास ठेवावा, असे मी म्हणू शकत नाही.

गेल्या वर्षी आई-बाबांना घेऊन नायगाराला निघण्याच्या आदल्या रात्री मी पिस्तूल रिकामे केले, सेफमध्ये ठेवले आणि मग पर्सचा प्रत्येक कप्पा जेवणाच्या टेबलावर उलटा करून पाहिला. बाबा शेजारी उभे होते. "पोलिसांकडे जमा नाही करायचे?" त्यांनी विचारले. मी म्हटले, इथे ते आपले आपणच करायचे असते. आता बाहेरगावी निघताना मी दर वेळी असेच करते, आणि कप्पे तपासण्याचे काम मुलीसमोर करते.

त्या कुटुंबाला हे सगळे मी काल पुन्हा फोनवर सांगितले. वाटेत बोस्टनला दोन रात्री थांबायचे त्यांनी ठरवलेले आहे, आणि बोस्टन मॅसॅच्युसेट्समध्ये आहे. ते गृहस्थ बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले की घरच्यांशी बोलून सांगतो.