किलोवॅट जुळले म्हणजे ड्राइव्ह जुळला असे नाही

‘मोटर पर्मनंट मॅग्नेट असो वा सर्व्हो, किलोवॅट जुळले की कोणताही ड्राइव्ह चालतो; व्होल्टेज ड्राइव्ह स्वतःच कमी करतो, एन्कोडर जोडला नाही तरी बिघडत नाही, बाकीचे ऑटो-ट्यून पाहून घेते, आणि शंका असेल तर ड्राइव्ह एक साइज मोठा घ्यावा’ असा सल्ला मेंटेनन्सवाल्यांच्या मोबाईलवर सध्या फिरत आहे. ड्राइव्ह म्हणजे मोटरला जाणारे व्होल्टेज, करंट आणि फ्रिक्वेन्सी ठरवणारे उपकरण; एन्कोडर म्हणजे रोटरची जागा सांगणारा सेन्सर; आणि ऑटो-ट्यून म्हणजे ड्राइव्हने मोटरची मापे स्वतःच घेणे. इंडक्शन मोटरपुरते, म्हणजे रोटरमध्ये मॅग्नेट नसलेल्या साध्या मोटरपुरते, त्यात बरेच तथ्य आहे, म्हणूनच हा सल्ला चटकन पटतो.

पहिले विधान किलोवॅटचे. साकीनाक्याच्या एका गाळ्यात पॅकिंग मशीनवर, भंगारातून आणलेली जपानी सर्व्हो मोटर (जागा आणि वेग अचूक सांभाळणारी पर्मनंट मॅग्नेट मोटर) 0.75 किलोवॅटच्या साध्या व्हीएफडीला, म्हणजे फ्रिक्वेन्सी बदलून वेग बदलणाऱ्या सर्वसाधारण ड्राइव्हला, जोडलेली मी पाहिली. मोटरच्या नेमप्लेटवर 750 वॅट, 200 व्होल्ट, 3000 आरपीएम आणि 4.4 अँपिअर असे आकडे होते. 415 व्होल्टवर चालणाऱ्या त्या व्हीएफडीचा आउटपुट होता 2.3 अँपिअर. किलोवॅट तंतोतंत जुळत होते, करंट मात्र जेमतेम निम्मा मिळत होता, आणि या मोटरचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) तर करंटवरच ठरतो. शिवाय सर्व्हो मोटर क्षणभर रेटेडच्या सुमारे तिप्पट टॉर्क देण्यासाठी बनवलेली असते, तर साधा व्हीएफडी बहुधा मिनिटभर दीडपट करंट देऊन थांबतो. मोटर 8 पोलची असल्याने 3000 आरपीएमसाठी तिला 200 हर्ट्झ लागत होते. सेटिंग मात्र कंपनीतून आलेले, 50 हर्ट्झला 415 व्होल्ट. म्हणजे 750 आरपीएमवर, जिथे तिचा बॅक ईएमएफ (फिरताना मोटरमध्येच तयार होणारे उलटे व्होल्टेज) पूर्ण वेगाला असतो त्याच्या चौथाई असतो, तिथे ड्राइव्ह पूर्ण व्होल्टेज देऊ पाहत होता. तो ओव्हरकरंटवर ट्रिप झाला नसता तरच नवल.

व्होल्टेज ड्राइव्ह कमी करतो, हे अर्धसत्य आहे. कमी होते ती सरासरी. 415 व्होल्टच्या सप्लायवर डीसी बस, म्हणजे ड्राइव्हच्या आतला डीसी पुरवठा, सुमारे 585 व्होल्टची असते, आणि वाइंडिंगवर आदळणारा प्रत्येक पल्स तेवढ्याच उंचीचा असतो. 200 व्होल्ट वर्गाच्या इन्सुलेशनने तो किती दिवस सोसायचा?

एन्कोडरबाबतचे विधान पंखा आणि पंपापुरते मान्य करायला हवे, कारण पर्मनंट मॅग्नेटसाठी सेन्सरलेस (एन्कोडरविना चालणारा) मोड असलेले व्हीएफडी तिथे उत्तम चालतात. मात्र शून्य वेगाला बॅक ईएमएफच नसतो, त्यामुळे थांबून लोड धरून ठेवायचा असेल तर रोटरची जागा सहसा एन्कोडरनेच सांगावी लागते. त्यातही एन्कोडर ड्राइव्हच्या भाषेत बोलणारा हवा: रिझॉल्व्हर, एनडॅट, हायपरफेस आणि जपानी कंपन्यांचे स्वतःचे सीरियल प्रोटोकॉल एकमेकांना कळत नाहीत, भले कनेक्टर बसो. एन्कोडर आणि रोटर यांच्यातला कोन 90 इलेक्ट्रिकल अंशांनी चुकला तर टॉर्क शून्य होतो. त्याहून जास्त चुकला तर मोटर उलटी सुसाट सुटते.

ऑटो-ट्यून रेझिस्टन्स आणि इंडक्टन्स मोजते. पोलची संख्या आणि रेटेड करंट सहसा आपणच भरायचे असतात. शाफ्ट न फिरवता केलेल्या ट्यूनिंगमध्ये बॅक ईएमएफ मोजला जात नाही. नेमप्लेट पुसलेली असेल तर मोटर मोकळी करून शाफ्ट ड्रिल मशीनने साधारण 1000 आरपीएमला फिरवावा आणि दोन फेजमधले एसी व्होल्ट व हर्ट्झ मल्टिमीटरवर पाहावेत. 1000 आरपीएमला 66.7 हर्ट्झ दिसले की मोटर 8 पोलची, आणि व्होल्टचा आकडा हाच तिचा त्या वेगाचा बॅक ईएमएफ.

मोठ्या ड्राइव्हचा सल्ला मला सर्वांत घातक वाटतो. दुप्पट करंटचा ड्राइव्ह घेऊन करंट लिमिट त्याच्या स्वतःच्या रेटिंगच्या 150 टक्क्यांवर तशीच ठेवली, तर मोटरला तिप्पट करंट जाऊ शकतो, तोही क्षणभर नव्हे. तापलेले निओडायमियम मॅग्नेट अशा करंटने कायमचे कमजोर होऊ शकतात. जळालेले वाइंडिंग रिवाइंडिंगवाला भरून देतो, मॅग्नेटचे तसे नाही. साकीनाक्याच्या त्या मोटरला शेवटी तिच्याच कंपनीचा, त्याच सीरिजचा जुना ड्राइव्ह आणि 415 वरून 200 व्होल्ट करणारा ट्रान्सफॉर्मर लावावा लागला.