दिल्लीची जुनी वॅगन आणि आपली काळी माती

गेल्या पावसाळ्यापासून आपल्याकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: "फॉर्च्युनर कशाला? दिल्लीहून जुनी युरोपियन ऑल-व्हील-ड्राइव्ह वॅगन आणा. निम्म्या पैशात येते, चिखलात फसत नाही, टायर जोडीजोडीने बदलले तरी चालतं." (वॅगन म्हणजे डिकीपर्यंत छत लांबवलेली, कारसारखी बुटकी गाडी; ऑल-व्हील-ड्राइव्ह म्हणजे इंजिनची ताकद चारही चाकांना.) केळीचे पैसे हातात आले की चोपडा-रावेरकडची पोरं हाच मेसेज दाखवून विचारतात, घेऊ का? म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"चिखलात फसत नाही." फसते, मी काढली आहे. अमळनेरजवळ चुलतभावाची वॅगन, ऑगस्टचा महिना, शेतरस्ता जेमतेम दोनशे मीटर. काळी माती टायरच्या खाचांत भरत गेली आणि दहा पावलांत चारही टायर लिंपल्यासारखे गुळगुळीत झाले. चारही चाकं फिरत होती आणि गाडी पोटावर बसली होती. ट्रॅक्टरवाला साखळी अडकवताना म्हणाला, "गाडी भारी शे भाऊ, पन टायर डांबरीना शेतस." म्हणजे टायर डांबरी रस्त्याचे आहेत. त्याचंच बरोबर. ऑल-व्हील-ड्राइव्ह ताकद वाटून देते, पकड टायरची असते. ओल्या डांबरावर, तोरणमाळच्या घाटात ही गाडी फार छान धरून चालते, हे मी आनंदाने सांगेन. पण शिवाराचा रस्ता म्हणजे घाट नव्हे.

"टायर जोडीने बदला." यासारखं नुकसान दुसरं नाही. यातल्या बऱ्याच गाड्या एरवी पुढच्या चाकांवर चालतात. गरज पडली की मागच्या अ‍ॅक्सलजवळचा क्लच (पायाने दाबायचा तो नव्हे) आपोआप जुळतो आणि मागची चाकं ओढू लागतात. नव्या टायरची खाच साधारण ८ मिमी, झिजलेल्याची ३ धरा. एवढ्या फरकाने पुढचं आणि मागचं चाक किलोमीटरमागे सहा फेऱ्यांनी चुकतं. जळगावहून धुळ्याला पोचेपर्यंत पाचशेच्या वर. तो सगळा फरक त्या क्लचने घासून सोसायचा. त्याचं तेल इंजिनच्या तेलापेक्षा वेगळं असतं आणि ते कधी बदललं, याची पावती विकणाऱ्याकडे मागाच. पावती नसेल तर ते काम राहिलेलंच आहे असं धरून भाव करा.

"निम्म्या पैशात येते." स्वस्त का, तेही बघा. दिल्ली-एनसीआरमध्ये १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर हरित लवादाने २०१५ मध्ये बंदी आणली, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती कायम ठेवली. त्या धास्तीने गाड्या बाहेर निघू लागल्या. एमएच १८, १९ किंवा ३९ ची (धुळे, जळगाव, नंदुरबारची) पाटी लावायची तर तिकडच्या आरटीओची एनओसी (ना-हरकत पत्र), इकडचा रोड टॅक्स, पासिंग, हे सगळं किमतीत धरा. एनओसी डोळ्यांनी बघितल्याशिवाय बयाणा देऊ नका.

आणि नावावर जाऊ नका. २०१७ मध्ये आलेली व्होल्व्हो व्ही९० क्रॉस कंट्री खरी ऑल-व्हील-ड्राइव्ह आहे, पण तिच्याआधी आपल्याकडे विकलेली व्ही४० क्रॉस कंट्री फक्त पुढच्या चाकांवर चालते. गाडी रॅम्पवर चढवायला लावा, खाली वाका आणि मागच्या अ‍ॅक्सलकडे ताकद नेणारा लांब दांडा, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट, हाताने चाचपून बघा.