"मिडवेस्टचं स्थळ नको" म्हणणाऱ्या त्या फॉरवर्डला उत्तर

गेल्या आठवड्यात मावशीने फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला, "अमेरिकेतलं स्थळ बघताय? आधी हे वाचा". खाली आठ मुद्दे. सार एवढंच की मुलगा कॅलिफोर्निया, न्यू जर्सी, फार तर टेक्सासला असेल तर पुढे जा, आयोवा, ओहायो, इंडियाना असलं मिडवेस्टमधलं (म्हणजे अमेरिकेच्या मधल्या पट्ट्यातलं) काही ऐकलं की सरळ नाही म्हणा, कारण तिथे राहतात ते "मोठ्या शहरात न टिकलेले लोक". एरवी मी असल्या गोष्टी म्यूट करून टाकते. पण माझ्या मावसबहिणीला सांगून आलेलं एक बरं स्थळ या फॉरवर्डपायी अडकलंय. मुलगा अँकेनीत असतो, म्हणजे आयोवाची राजधानी द मॉइनच्या उपनगरात, म्हणजे माझ्या घरापासून गाडीने वीसेक मिनिटं. मावशीचं म्हणणं, स्वस्त शहर म्हणजे काहीतरी खोट असणारच. भाजीवाल्याने स्वस्त दिली की मावशी जुडी उलटून बघते, तसं हे. बघ की उलटून, मावशी, मी काय म्हणतेय, पण बघ तरी.

सगळ्या मुद्द्यांना सारखा वेळ देणार नाहीये, काहींची तेवढी लायकी नाही.

चौथ्या मुद्द्यापासून सुरू करते कारण तो वाचून डोकंच फिरलं. "छोट्या शहरातून अर्ज केला की ग्रीन कार्डचा नंबर मागे जातो." हे कुणी लिहिलं, कुठून आणलं, देव जाणे. ग्रीन कार्डच्या रांगेत शहर नावाची भानगडच नाही. नोकरीवर मिळणारी ग्रीन कार्डं वर्षाला साधारण 1,40,000, त्यात ढोबळमानाने कुठल्याही एका देशात जन्मलेल्यांना 7 टक्क्यांपेक्षा जास्त मिळत नाहीत, म्हणून भारतीयांची रांग एवढी लांब. तुमचा जन्म कुठल्या देशात, अर्ज कुठल्या कॅटेगरीत, प्रायॉरिटी डेट (रांगेत नंबर लागल्याची तारीख) कधीची, संपलं. अमेरिकेचं परराष्ट्र खातं दर महिन्याला व्हिसा बुलेटिन काढतं, फुकट वाचता येतं, त्यात देशांचे रकाने आहेत, शहरांचे नाहीत. कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेचा माणूस आणि आयोवातल्या सू सिटीचा माणूस एकाच रांगेत एकमेकांच्या मागे उभे आहेत.

उलट या रांगेमुळेच तर लोक इथे राहायचं ठरवतात, हे फॉरवर्ड लिहिणाऱ्याच्या गावीही नाही. एच-1बी वर (नोकरीच्या व्हिसावर) असताना नोकरी गेली तर जास्तीत जास्त 60 दिवस मिळतात, तेवढ्यात दुसरी नोकरी शोधा नाहीतर व्हिसा बदला नाहीतर सामान बांधा. आता ही टांगती तलवार डोक्यावर घेऊन वर्षानुवर्षं जगायचंय आणि वर घराचा हप्ताही भरायचाय, तर हप्ता केवढा आहे याने झोपेत फरक पडतो की नाही? शिवाय एच-4 वर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बायकोला सरसकट काम करता येत नाही. 2015 पासून परवानगी मिळते, पण साधारण नवऱ्याचा आय-140 (ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर झालेला असेल तरच, तोपर्यंत घरी बसा. म्हणजे लग्नानंतरची सुरुवातीची काही वर्षं घर एका पगारावर चालणार. मी ते दिवस काढलेत. डिग्री कपाटात आणि मी किचनमध्ये, चिडचिड भरपूर व्हायची, पण निदान महिनाअखेरीला पैशाचं टेन्शन नव्हतं. कॅलिफोर्नियातल्या माझ्या मैत्रिणीला चिडचिडही होती आणि टेन्शनही होतं.

आता पैशाचंच बोलायचं तर अमेरिकन सरकारचं ब्युरो ऑफ इकॉनॉमिक ॲनालिसिस दरवर्षी राज्यवार भावांची तुलना काढतं. देशाची सरासरी 100 धरली तर आयोवा 90 च्या आतबाहेर, कॅलिफोर्निया 110 च्या वर. आणि यातला मोठा फरक घरांचा, दुधाब्रेडचा नाही. 2024 मध्ये सॅन होजे भागातल्या घराची मधली किंमत 20 लाख डॉलरच्या पुढे गेली, द मॉइन परिसरात ती तीन लाखांच्या आसपास. तिकडे पगार दीडपट मिळेल, चल दुप्पट धर, घर सहासात पट आहे. हा हिशोब ज्याला जमला तो "टिकला नाही" म्हणे! बरं, अगदी फुकट काही नाही, द मॉइनजवळच्या वॉकीसारख्या ठिकाणी नवीन बांधणीचं मोठं घर घ्यायला गेलं तर तीन लाखांत मुळीच येत नाही आणि प्रॉपर्टी टॅक्स बऱ्यापैकी चावतो. पण तरीही.

"तिथे कुणी राहायला जात नाही, फक्त अडकलेले राहतात." 2010 ते 2020 मध्ये अँकेनीची वस्ती साडेपंचेचाळीस हजारांवरून जवळपास 68 हजारांवर गेली, शेजारचा डॅलस काउंटी (म्हणजे जिल्हा, टेक्सासचं डॅलस नव्हे) दहा वर्षांत दीडपट झाला, हे जनगणनेचे आकडे आहेत. एवढे सगळे अडकायला येतायत का?

पाण्याच्या मुद्द्यावर मात्र थोडं मान्य करावं लागेल, नाइलाजाने. "तिथल्या पाण्याने पाच वर्षांत कॅन्सर होतो" हे वाक्य बकवास आहे, पण मागची गोष्ट हवेतली नाही. आयोवात माणसं 32 लाख आणि डुकरं दोन कोटींच्या वर. एवढ्या डुकरांची घाण आणि मक्याला टाकलेलं खत पावसाबरोबर नद्यांमध्ये जातं, त्यात नायट्रेट, आणि द मॉइनचं पिण्याचं पाणी त्याच रॅकून आणि द मॉइन नद्यांमधून येतं. शहराला पाणी पुरवणाऱ्या संस्थेने 2015 मध्ये वरच्या तीन काउंटींमधल्या ड्रेनेज डिस्ट्रिक्टवर (शेतांतलं पाणी नद्यांत सोडणाऱ्या सरकारी यंत्रणांवर) केस टाकली होती, 2017 मध्ये ती निकालात निघाली, हाती काही लागलं नाही. 2025 च्या जूनमध्ये नायट्रेट इतकं वाढलं की सगळ्या परिसरात लॉनला पाणी घालायला बंदी आली. का, तर नायट्रेट काढणाऱ्या प्लँटवर ताण नको, पिण्याचं पाणी लिटरमागे 10 मिलिग्रॅमच्या सरकारी मर्यादेत राहिलं पाहिजे. ते राहिलं. तरी बाळाचं दूध बनवताना मनात येतंच, ते नाही म्हणणार नाही. राज्यात कॅन्सरचं प्रमाण देशात वरच्या नंबरांत आहे हेही खरं, राज्याची कॅन्सर रजिस्ट्रीच ते सांगते. पण कारण एकच पाणी असं कुणी सिद्ध केलेलं नाही. जमिनीतून येणारा रेडॉन वायू आहे, दारू आहे, बरंच काही आहे. रेडॉनसाठी बेसमेंटमध्ये पाइप आणि पंखा बसवून मिळतो, घर घेताना टेस्ट करून घ्यायची. ही कामाची माहिती फॉरवर्डमध्ये नाही, घाबरवायचं तेवढं आहे.

"फक्त मका आणि डुकरं, नोकऱ्या नाहीत." अगं मावशी, प्रिन्सिपल ही द मॉइनची कंपनी, 1879 पासूनची, तिचं ऑफिस तुझ्या पुण्यात आहे. ट्रॅक्टरवाल्या जॉन डियरचंही पुण्यात आहे, आणि अँकेनीतच त्यांचा कारखाना आहे जिथे कापूस वेचायची यंत्रं बनतात, विदर्भातल्या आपल्या काकांना सांग, ऐकून हरखतील. इन्शुरन्स कंपन्या तर इथे ढिगाने. हां, 2024 मध्ये डियरने बरीच माणसं कमी केली, आयोवातलीही, तेव्हा सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही. पण त्याच सुमारास कॅलिफोर्नियात बे एरियातले लेऑफ काय कमी होते का.

"सगळे गोरे, आपल्याला कुणी विचारत नाही." राज्यात शंभरात ऐंशीच्या वर गोरे आहेत, खरंय. पण याच राज्याने 2002 मध्ये नागपूरच्या स्वाती दांडेकरांना विधानसभेत निवडून दिलं, त्यांची विरोधक "ही भारतात वाढली, हिला आयोवा काय कळणार" अशा सुरात लिहीत होती तरीही, आणि पुढे त्या सिनेटमध्येही गेल्या. 1975 मध्ये रॉबर्ट रे नावाच्या रिपब्लिकन गव्हर्नरने आग्नेय आशियातल्या ताई दाम निर्वासितांचा अख्खा समूह एकत्र इथे आणून वसवला. तिरकं बोलणारे भेटतात, ते न्यू जर्सीतल्या एडिसनमध्येही भेटतील. देऊळ मॅड्रिडला आहे (आयोवातलं मॅड्रिड, स्पेनचं नव्हे), गणपतीत तिथे पार्किंग मिळत नाही.

मुलांच्या शिक्षणावर "तिथे काय शिकणार" असं लिहिलंय. आपण ज्या कार्व्हरचं चरित्र वाचून मोठे झालो तो इथेच शिकला, आधी इंडियानोलाच्या सिम्प्सन कॉलेजात आणि मग एम्सच्या कृषी कॉलेजात, आणि एम्सलाच तो शिकवायलाही लागला. द मॉइनमध्ये वर्ल्ड फूड प्राइझची (शेती आणि अन्नासाठीच्या जागतिक पुरस्काराची) इमारत आहे, 1998 चं ते प्राइझ जालन्याच्या बद्रीनारायण बारवाल्यांना मिळालेलं. जालन्याला द मॉइन माहितीये, कोथरूडला नाही!

थंडी: आहे. भयंकर आहे. जानेवारीत वारं सुटलं की नाक जागेवर आहे का ते चाचपावं लागतं. डाउनटाउनमध्ये बिल्डिंगी स्कायवॉकने जोडल्यात, चारेक मैल, ऑफिसवाल्यांचं भागतं, बाकीच्यांनी बर्फ काढावा. टॉर्नेडोही येतात, 2024 च्या मेमध्ये आयोवातल्याच ग्रीनफील्डमध्ये माणसं गेली, सायरन वाजला की बेसमेंट गाठायचा. यावर वाद नाही.

भारतात यायला डायरेक्ट फ्लाइट नाही, हा सातवा मुद्दा, पूर्ण बरोबर. शिकागो किंवा आणखी कुठून तरी बदलावं लागतं आणि बॅगा हरवतात.

तर मावशी, शहरावरून नाही म्हणू नकोस. विचारायचंच तर मुलाला हे विचार: आय-140 मंजूर झालाय का, प्रायॉरिटी डेट कधीची, हिला कामाची परवानगी कधीपर्यंत मिळेल असं त्याला वाटतं, आणि ती मिळेपर्यंत ही घरी बसून काय करेल याचा त्याने कधी विचार केलाय का. शेवटच्याला नीट उत्तर देता आलं नाही तर खुशाल नाही म्हण, मग तो अँकेनीत असो नाहीतर सॅन होजेत. आणि हिलाही विचार की, स्थळ तिचं आहे.